ब्रायटन फ्रिंजला जायचंय? सोलापूरकरांचे नेहमीचे प्रश्न

लेक शिकायला इंग्लंडमधल्या ब्रायटनला गेली, त्या निमित्तानं मी दोन वेळा मे महिन्यात तिथं जाऊन आलो. हौशी नाटकात आयुष्य गेलेलं, त्यामुळे तिथल्या फ्रिंज महोत्सवात पाय अडकला तो अडकलाच. परत आल्यापासून हुतात्मा स्मृती मंदिराच्या पायऱ्यांवर, चहाच्या टपरीवर, लग्नाच्या पंगतीत तेच तेच प्रश्न येतात. दर वेळी तोंडी सांगून घसा बसला, म्हणून एकदाचं लिहून काढतोय.

फ्रिंज म्हणजे नेमकं काय ओ?

फ्रिंज म्हणजे झालर, कडेची किनार. १९४७ मध्ये स्कॉटलंडात एडिंबरोला मोठा आंतरराष्ट्रीय महोत्सव सुरू झाला. आठ नाटक मंडळ्यांना निमंत्रण नव्हतं. त्या तशाच गेल्या आणि मिळेल त्या जागेत प्रयोग केले. पुढच्या वर्षी एका पत्रकारानं लिहिताना ‘महोत्सवाच्या झालरीवर’ अशा अर्थाचे शब्द वापरले आणि ते नाव चिकटलं.

ब्रायटन हे इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरचं गाव. कागदोपत्री २००० पासून ब्रायटन अँड होव्ह हे शहर आहे, पण वळण अजून समुद्रावरच्या गावाचंच. तिथं १९६७ मध्ये ब्रायटन फेस्टिव्हल सुरू झाला आणि त्याच्या कडेकडेनं असले बिनबोलावलेले प्रयोग होऊ लागले. २००६ पासून फ्रिंजची संस्था वेगळी झाली. आज इंग्लंडमधला सगळ्यात मोठा फ्रिंज तोच.

मग फेस्टिव्हल आणि फ्रिंज एकच की वेगळे?

वेगळे, पण दोन्ही मे महिन्यातच, त्यामुळे घोटाळा होतो. सोलापूरकराला हे समजवायला मला एक मिनिट लागतं. आपली सिद्धेश्वराची यात्रा डोळ्यांसमोर आणा. सात नंदीध्वज, ठरलेले मानकरी, ठरलेली वाट, अक्षता सोहळ्याची ठरलेली वेळ. तो झाला फेस्टिव्हल. तिथं कुणाला बोलवायचं हे आयोजक ठरवतात. २००९ पासून एकेका कलावंताला पाहुणा दिग्दर्शक म्हणून बोलावू लागले. पहिले होते मुंबईत जन्मलेले शिल्पकार अनिश कपूर, आणि २०२५ ला अनुष्का शंकर.

आणि होम मैदानावरचा गड्डा? जागा घेतली, भाडं भरलं की ज्याला जे दाखवायचं ते दाखवा. मौत का कुआँ, पाळणे, भविष्यवाला, बोलका बाहुला. तो फ्रिंज. निवड समिती नाही, परीक्षक नाहीत. म्हणून अप्रतिम आणि भिकार या दोन्ही गोष्टी एकाच गल्लीत, शेजारी शेजारी, एकाच तिकीटदरात मिळतात.

कधी जावं?

महोत्सव साधारण मेभर चालतो, कधी जूनचा पहिला दिवस गाठतो. नेमक्या तारखा दर वर्षी त्यांच्या संकेतस्थळावर येतात. मे महिन्यातल्या दोन सोमवारी, पहिल्या आणि शेवटच्या, तिथं सरकारी सुट्टी असते. ते दोन्ही शनिवार-रविवार-सोमवार टाळा. लंडन रिकामं होऊन किनाऱ्यावर येतं आणि खोल्यांचे भाव चढतात. मधल्या आठवड्यात, मंगळवार ते गुरुवार, सगळ्यात निवांत.

थंडी असते का?

आपल्याकडे पारा ४२-४३ ला आणि तिथं दुपारी १५-१६. पहिल्या वर्षी मी सुती शर्टांची पेटी घेऊन गेलो आणि पहिल्याच संध्याकाळी लेकीचा स्वेटर घालून फिरलो. गुलाबी. वारा अडवणारं जाकीट न्या. छत्री नेऊ नका, समुद्राचा वारा ती उलटी करतो. उजेड मात्र भरपूर: महिन्याच्या शेवटी रात्री नऊपर्यंत दिसतं, त्यामुळे जेवायची वेळ कळतच नाही.

व्हिसाचं काय?

पर्यटकाचा साधा व्हिसा, सहा महिन्यांचा. अर्ज ऑनलाइन भरायचा, मग बोटांचे ठसे आणि फोटो द्यायला स्वतः केंद्रात जायचं. आपल्याला पुणं जवळ. निर्णयाला साधारण तीन आठवडे धरा, पण मेसाठी फेब्रुवारी-मार्चमध्येच हालचाल करा. फी बदलत राहते, ती ब्रिटिश सरकारच्या संकेतस्थळावरच बघा.

दोन गोष्टी अनुभवानं सांगतो. मराठीतला कुठलाही कागद, म्हणजे सातबारा, घराचा उतारा, इंग्रजी भाषांतराशिवाय देऊ नका. दुसरं, बँकेतला पैसा. मला एका एजंटानं सल्ला दिला होता, ‘भावाकडून चार लाख घ्या, खात्यात टाका, व्हिसा झाला की परत करा.’ मी ऐकलं नाही ते बरं झालं. अचानक आलेल्या रकमेवरच त्यांचा डोळा असतो. पेन्शन असेल तर पेन्शन दाखवा, शेती असेल तर शेती. कमी दिसलं तरी खरं आणि जुनं दिसलं पाहिजे.

सोलापुरातून पोचायचं कसं?

रात्रीची सिद्धेश्वर एक्स्प्रेस पकडून मुंबई, मुंबईहून लंडनचं विमान. लंडनचे सगळ्यात मोठे दोन विमानतळ म्हणजे हीथ्रो आणि गॅटविक. गॅटविकला उतरलात तर ब्रायटन रेल्वेनं अर्ध्या तासावर. हीथ्रोला उतरलात तर थेट बस आहे, ती दोन तासांहून जास्त घेते. लंडनमध्ये थांबून जाणार असाल तर व्हिक्टोरिया स्टेशनवरून गाडी, साधारण तासाभरात ब्रायटन. लंडनचं ऑयस्टर कार्ड ब्रायटनपर्यंत चालत नाही, गॅटविकला संपतं. वेगळं तिकीट काढा, आणि सकाळची ऑफिसची गर्दी उलटल्यावरचं काढा, ते स्वस्त पडतं.

स्टेशनातून बाहेर पडलं की सरळ उतार. त्या रस्त्याच्या टोकाला समुद्राची एक पट्टी दिसते. आपण हिप्परगा तलावाला समुद्र म्हणणारी माणसं, तिथं पाय थोडे थबकतातच.

राहायचं कुठं?

ओळखीचं कुणी असेल तर संकोच सोडा. नाहीतर शेजारच्या गावात खोली बघा. होव्ह तर चालत जाण्यासारखं, वर्दिंग आणि लुईस रेल्वेनं जवळ. फक्त रात्रीची शेवटची गाडी किती वाजता आहे हे प्रयोगाला बसायच्या आधी बघून ठेवा. रविवारी गाड्या कमी असतात आणि रुळांची कामं पण रविवारीच निघतात.

तिकिटं महाग आहेत का?

दहा-बारा पौंडांच्या आसपासचे प्रयोग भरपूर. रुपयांत केलं की एकाचे हजारावर जातात, म्हणून रुपयांत करायचं नाही, पोटात गोळा येतो. मोठ्या तंबूतली सर्कस किंवा नावाजलेला विनोदवीर असेल तर जास्त. पण यातही वाटा आहेत. काही प्रयोगांना ‘जमेल तेवढं द्या’ अशी सोय असते. काही पूर्ण फुकट, शेवटी कलाकार दारात बादली घेऊन उभा राहतो. तिथं मात्र हात आखडता घेऊ नका. एक तास माणूस घाम गाळतो आणि आपण नजर चुकवून निघतो, हे बरं दिसत नाही. आणखी एक: पहिल्या एक-दोन प्रयोगांना बऱ्याचदा दर कमी असतो.

रोख पैसे बऱ्याच ठिकाणी घेतच नाहीत. कार्ड न्या, पण बादलीसाठी खिशात थोडी नाणी असू द्या.

इंग्रजी कळेल का? तिथले विनोद आपल्या डोक्यावरून जातील.

जातात. खोटं कशाला सांगू. उभं राहून विनोद सांगणाऱ्यांच्या कार्यक्रमात मी पहिल्या वर्षी बसलो, शेजारचे पोट धरून हसत होते आणि मी त्यांच्याकडे बघून हसत होतो. विनोद तिथल्या राजकारणावर, तिथल्या टीव्हीवर, तिथल्या दुकानांवर. आपल्या बार्शी-पंढरपूरच्या कोट्या त्यांना कळतील का? तसंच.

म्हणून भाषेवर न चालणारं निवडा. सर्कस, मूकाभिनय, विदूषकी, नाच, बाहुल्या, संगीत. आरशांनी मढवलेला लाकडी श्पीगलटेंट नावाचा गोल तंबू असतो, मूळचा बेल्जियमकडचा. त्यात सर्कस बघायला मिळाली तर सोडू नका. होव्हच्या बाजूला २०१५ मध्ये सुरू झालेलं खुलं नाट्यगृह आहे, पूर्वी ते गोट्यांसारख्या एका मैदानी खेळाचं हिरवळीचं मैदान होतं. गवतावर बसून नाटक बघायचं. पाऊस आला तर अंगावर प्लास्टिक घेऊन लोक तसेच बसतात, कुणी उठत नाही.

एकपात्री मात्र जरूर बघा, भाषा अर्धी कळली तरी. मला आजही आठवतो तो एका पबच्या माडीवरचा. खोली आपल्या स्वयंपाकघराएवढी. खाली कुणीतरी ग्लास आपटत होतं, त्याचा आवाज वर येत होता. प्रेक्षक आम्ही सात. साठीच्या गृहस्थानं वडिलांची हत्यारांची पेटी आणली होती आणि एकेक हत्यार काढून टेबलावर मांडत वडिलांबद्दल बोलत होता. पाना, रंधा, पेन्सिलीचा तुकडा. निम्मी वाक्यं मला कळली नाहीत. शेवटी त्यानं सगळी हत्यारं परत पेटीत भरली, ज्या क्रमानं काढली होती त्याच्या उलट, एक अक्षर न बोलता. पाच मिनिटं लागली असतील. त्या पाच मिनिटांसाठी मी परत जाईन.

असा प्रयोग आधी ठरवून सापडत नाही. म्हणून माझं सरळ मत: दिवसाला एकच प्रयोग घरून ठरवून जा, बाकी जागा आणि पैसे मोकळे ठेवा. रस्त्यात कुणी हातात पत्रक देईल, त्याच्याशी दोन वाक्यं बोला, आवडला तर त्याच्या मागं जा.

दिवसाला किती प्रयोग झेपतात?

प्रयोग साधारण तासाभराचेच असतात, तीन अंकी काही नाही. तीन झेपतात. चौथ्याला मी झोपलो होतो.

उशीर झाला तर आत घेतात का?

नाही. आपल्याकडं सातचं नाटक साडेसातला, ही सवय सोलापुरात ठेवून जा. एका मागोमाग एक प्रयोग असतात, मध्ये खोली रिकामी करायला पंधरा मिनिटं. दार बंद म्हणजे बंद. आणि दोन ठिकाणांमध्ये चढ-उतार असतात, नकाशातली दहा मिनिटं गुडघेदुखीवाल्याला वीस.

आईला सोबत नेऊ का? मुलांना?

न्या, पण प्रत्येक प्रयोगापुढं वयाची सूचना लिहिलेली असते ती वाचून. ब्रायटन मोकळंढाकळं गाव आहे. काही कार्यक्रमांत अंगावरचे कपडे प्रयोगाबरोबर कमी होत जातात. तसंच पिअरच्या, म्हणजे समुद्रात शिरलेल्या लांब धक्क्याच्या पूर्वेला, मरीना या बोटींच्या बंदराच्या दिशेनं, किनाऱ्याचा एक तुकडा १९८० पासून विवस्त्र स्नानासाठी राखलेला आहे. पाटी आहे, आडोसा आहे. मी आणि आमच्या सौ. विजेच्या छोट्या रेल्वेत बसून त्या बाजूनं निघालो होतो, तेव्हा हे मला माहीत नव्हतं. सौ. खिडकीतून उजवीकडं बघत होत्या, मग एकदम डावीकडं बघायला लागल्या. ती रेल्वे मात्र चुकवू नका, १८८३ पासून चालू आहे, जगातली सगळ्यात जुनी अजून धावणारी विजेची रेल्वे.

मुलांसाठी वेगळे प्रयोग भरपूर असतात. मेच्या सुरुवातीला फेस्टिव्हलकडून शाळांच्या पोरांची मिरवणूक निघते, स्वतः केलेली सोंगं घेऊन. बघण्यासारखी.

शाकाहारी माणसानं खायचं काय?

या बाबतीत काळजीच नको, शाकाहारी खाण्यासाठी ब्रायटन प्रसिद्ध आहे. चिप्स घेताना तेवढं विचारा की कशात तळल्यात, काही ठिकाणी जनावराची चरबी वापरतात.

खरी काळजी समुद्रपक्ष्यांची. तिथले गल आपल्या घारीएवढे. मी बाकावर बसून घरून नेलेली कडक भाकरी आणि शेंगा चटणी काढली. मागून एक झपाटा आला आणि अख्खी भाकरी गेली. चार पावलांवर बसून त्यानं ती खडीवर आपटली, चोच मारली, परत आपटली. तुटेना. माझ्याकडं बघितलं आणि सोडून गेला. सोलापूरची कडक भाकरी आहे ती, दूध-आमटीत भिजवल्याशिवाय कुणाच्या बापाला दाद देत नाही.

शेंगा चटणी, पेढे, आंबे नेता येतात?

चटणी, भाकरी, चिवडा खुशाल न्या. दुधाचं आणि मांसाचं काहीही भारतातून नेता येत नाही, म्हणजे पेढे, खवा, तूप बाद. आंब्याचा नियम जायच्या आधी ब्रिटिश सरकारच्या संकेतस्थळावरच बघा. कढीपत्त्याचं पण तेच. पेढ्यांचा डबा विमानतळावरच्या कचऱ्यात टाकताना बघवत नाही.

समुद्रात उतरता येतं का?

येतं, पण वाळू नाही, सगळे गोटे. अनवाणी चालणं म्हणजे शिक्षा. पाणी मे महिन्यात इतकं गार की घोट्याला कळ येते. त्यापेक्षा गोट्यांवर बसा. तिथं लोक पातळ टॉवेल टाकून बसतात आणि दर दोन मिनिटांनी कूस बदलतात. आम्ही घरची सोलापुरी चादर दुहेरी करून अंथरली. एक म्हातारी येऊन चादर बोटांत धरून बघून गेली, काठाची मोरपंखी नक्षी उलटसुलट करून बघितली आणि कुठं मिळते विचारलं. लेकीनं पत्ता सांगितला तो माझ्या कानात अजून आहे: ‘सोलापूर. इथून विमान, मग रेल्वे, मग चाटी गल्ली.’

नाटकं सोडून बघण्यासारखं काय?

पॅलेस पिअर १८९९ चा, गर्दीचा, तळलेल्या वासाचा, एकदा बघायचा. त्याच्या पश्चिमेला जुन्या वेस्ट पिअरचा जळका लोखंडी सांगाडा पाण्यात उभा आहे, तो मला जास्त आवडला. पण खरी बघायची जागा रॉयल पॅव्हेलियन. पुढं चौथा जॉर्ज झालेल्या युवराजाचा विलासी महाल, १८१५ ते १८२३ दरम्यान जॉन नॅशनं त्याला आजचं रूप दिलं. बाहेरून घुमट-मिनार हिंदुस्थानी, आतून सगळं चिनी थाटाचं. त्या वास्तुरचनाकारानं हिंदुस्थान कधी पाहिला नव्हता, आणि ते दिसतं.

पहिल्या महायुद्धात, १९१४ च्या डिसेंबरपासून, हाच महाल जखमी हिंदी सैनिकांचं रुग्णालय होता. झुंबराखाली खाटा मांडलेल्या. हिंदू आणि मुसलमानांसाठी वेगळी स्वयंपाकघरं, वेगळे पाण्याचे नळ. जे हिंदू आणि शीख सैनिक वाचले नाहीत, त्यातल्या ५३ जणांना गावाबाहेर पॅचमजवळच्या टेकडीवर अग्नी दिला. तिथं १९२१ मध्ये पांढऱ्या संगमरवराची छत्री उभी राहिली. तिचा आराखडा मुंबईच्या ई. सी. हेन्रिक्स यांचा. नावही ‘छत्री’च. पॅचमपर्यंत बस, पुढं चढ. गाडी वर जात नाही. आजूबाजूला मेंढ्या चरतात, वारा सोडून आवाज नाही. ज्या जागी चिता पेटल्या तिथं दगडी शिळा आहेत. आमच्या सौ.नी पर्समधून हळद-कुंकवाची पुडी काढली, मग विचार करून परत ठेवली आणि नुसते हात जोडले.

अजून एक आपला माणूस: शेख दीन महंमद, मूळ पाटण्याचा. १८१० मध्ये त्यानं लंडनमध्ये हिंदुस्थानी जेवणाचं कॉफी हाऊस काढलं, ते चाललं नाही. मग ब्रायटनला येऊन चंपी-मालिशचं स्नानगृह काढलं आणि ते असं चाललं की राजाचा मालिशवाला म्हणून नेमणूक झाली. इंग्रजीत ‘शॅम्पू’ शब्द आपल्या ‘चांपणे’च्याच गोतातला. त्याची कबर सेंट निकोलस चर्चच्या आवारात आहे.

आणि मे महिन्यातल्या शनिवार-रविवारी चित्रकार, कुंभार, विणकर आपापली घरं उघडी ठेवतात. १९८२ मध्ये एका चित्रकारानं स्वतःचं घर उघडून सुरुवात केली. कुणाच्याही बैठकीत जा, भिंतीवरची चित्रं बघा, काही न घेता बाहेर या, कुणाला राग येत नाही. आपल्या पूर्व भागात एकेका घरात माग आहेत, तिथं असं कधी कुणी बोलावलंय का, हे मनात येऊन गेलं.

आमच्या ग्रुपला तिथं प्रयोग करता येईल का?

तत्त्वतः कुणालाही. निवड नाही, पण जागा तुम्हीच शोधायची, जागेवाल्याशी वाटणी तुम्हीच ठरवायची आणि नोंदणीची फी भरायची. हे सगळं आदल्या हिवाळ्यातच उरकावं लागतं. पैसे घेऊन प्रयोग करायचा तर व्हिसाचा नियम वेगळा. ब्रिटिश सरकारची काही महोत्सवांची यादी असते, त्यातल्या महोत्सवात पाहुण्याच्या व्हिसावर मानधन घेता येतं. त्या वर्षीच्या यादीत आपला महोत्सव आहे का, हे आधी बघा.

आता स्पष्ट बोलतो. आपण राज्य नाट्य स्पर्धेची माणसं. दोन ट्रक नेपथ्य, अठरा पात्रं, सकाळपासून प्रकाशयोजना. तिथं मांडायला पंधरा मिनिटं आणि काढायला पंधरा. जे नेपथ्य एका बॅगेत मावत नाही ते नेपथ्य नाही. अठरा जणांचं विमानभाडं मोजा, मग एकपात्रीचा विचार आपोआप सुचेल. मराठीतून करा, मागं पडद्यावर इंग्रजी ओळी सोडा, चालतं. बरेच कलाकार ऑगस्टमधल्या एडिंबरोसाठी इथं कच्चा प्रयोग तपासून बघतात, त्यामुळे अर्धवट वाटलं तर प्रेक्षक नाक मुरडत नाहीत.

पण तुम्हाला कुणी अडवत नाही तसं कुणी बघायलाही येत नाही. इथं रिक्षावर भोंगा लावून फिरतो तसं तिथं स्वतः रस्त्यावर उभं राहून पत्रकं वाटावी लागतात, रोज, पावसात. ‘सोलापूरचा मोठा नट’ ही ओळख मुंबई विमानतळावरच सोडायची.

एवढा खर्च झेपणार नाही. जवळ काही आहे का?

गोव्यात पणजीला डिसेंबरमध्ये सेरेंडिपिटी आर्ट्स फेस्टिव्हल होतो, २०१६ पासून. समुद्राजवळचं गाव, जुन्या इमारतींत कार्यक्रम, बरंचसं फुकट. तो आयोजकांनी निवडलेला, म्हणजे गड्डा नव्हे, नंदीध्वज. मुंबईचा काळा घोडा महोत्सव पण बघा, थंडीच्या शेवटी असतो.

सोलापुरात असलं काही होईल का?

गेल्या दिवाळीनंतर एका मित्राच्या बंद पडलेल्या लूमच्या शेडमध्ये आम्ही चाळीस मिनिटांचा एकपात्री केला. माग हलवता येईनात, म्हणून ते तसेच ठेवून त्यांच्या मधल्या बोळात खुर्च्या मांडल्या. पंचवीस खुर्च्या, सतरा माणसं, एक कुत्रं. ठरल्या वेळेला शटर ओढून घेतलं, दोन जुने मित्र बाहेर राहिले आणि अजून माझ्याशी नीट बोलत नाहीत. शेवटी गांधी टोपी फिरवली. त्यात तेराशे चाळीस रुपये निघाले आणि बार्शीच्या एसटीचं एक तिकीट.